छपाईसाठी चित्रे तयार करण्याचे काम सुटसुटीत कसे करावे?

ग्रंथमांडणी (प्रश्न)

नमस्कार. सचित्र पुस्तके आणि वस्तूंच्या सूचिपुस्तिका यांची पानमांडणी मी इनडिझाइनमध्ये करतो आणि चित्रांवरचे काम फोटोशॉपमध्ये. माझी सध्याची पद्धत अशी आहे: प्रत्येक छायाचित्र उघडायचे, पानावर ते ज्या मापात बसेल असे वाटते त्या मापाला कापून ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) करायचे, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगव्यवस्थेत) बदलायचे, शार्प करायचे, टिफ म्हणून जतन करायचे आणि मग पानात आणायचे. चित्रे मोजकी असतील तर हे निभावते, परंतु शेकडो चित्रांच्या पुस्तकात निम्म्याहून अधिक वेळ याच कामात जातो.

खरी अडचण त्यापुढची आहे. संपादक पाने पाहतात आणि १० सेंटिमीटर रुंदीचे चित्र १६ सेंटिमीटर करायला सांगतात. ३०० पीपीआयचे चित्र त्या मापाला साधारण १८७ वर येते, आणि मला मूळ फाइल शोधून तेच सगळे पुन्हा करावे लागते. कधी कागदच बदलतो: कोटेड (गुळगुळीत लेप दिलेला) कागद गृहीत धरून सीएमवायके केलेली चित्रे ऐनवेळी अनकोटेड कागदावर छापायची ठरतात. अशा वेळी कोणत्या पायऱ्या मुळातूनच गाळता येतील, कोणत्या यंत्रावर सोपवता येतील आणि कोणत्या हातानेच कराव्या लागतील, हे मला समजून घ्यायचे आहे. गुणवत्तेत तडजोड करण्याची माझी तयारी नाही.

रंगविभाजन (उत्तर)

आपण जी कामे लिहिली आहेत, त्यांपैकी माप बदलणे आणि सीएमवायके करणे ही दोन कामे आपण फार लवकर करत आहात. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचे मूळ तेवढेच आहे. ही दोन्ही कामे अंतिम माप आणि अंतिम कागद यांवर अवलंबून आहेत, आणि आपण ती करता त्या वेळी या दोन्ही गोष्टी ठरलेल्या नसतात. त्यामुळे वेग वाढवण्याचा विचार करण्याआधी क्रम बदलण्याचा विचार करावा.

प्रथम मापाविषयी. पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे दोन रिझोल्यूशन असतात: फाइलमध्ये नोंदलेले आणि पानावरच्या मापानुसार प्रत्यक्षात मिळणारे. छपाईला फक्त दुसऱ्याशी देणेघेणे असते. ४००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र २० सेंटिमीटर रुंद ठेवले तर ते ५०८ पीपीआय भरते, १० सेंटिमीटरला १०१६ आणि ४० सेंटिमीटरला २५४. फाइलमध्ये ७२ लिहिलेले असो वा ३००, पिक्सेल तेवढेच राहतात. म्हणून कॅमेऱ्यातून आलेले चित्र पूर्ण पिक्सेलांसह तसेच पानात आणावे. इनडिझाइनच्या लिंक्स पॅनेलच्या पर्यायांत जाऊन 'इफेक्टिव्ह पीपीआय' हा स्तंभ सुरू केला की प्रत्येक चित्राचा प्रत्यक्ष आकडा नावाशेजारीच दिसतो, आणि संपादकांनी माप बदलले तरी आपल्याला फक्त त्या आकड्याकडे पाहायचे असते.

जादा पिक्सेलांचे काय, तर ते पीडीएफ करताना कमी होतात. 'प्रेस क्वालिटी' या तयार सेटिंगमध्ये रंगीत आणि ग्रेस्केल (करड्या छटांची) चित्रे ४५० पीपीआयच्या वर असतील तरच ३०० वर आणली जातात, आणि एक-बिट (निव्वळ काळी-पांढरी) रेखाचित्रे १८०० च्या वर असतील तर १२०० वर. ३०० ते ४५० यांमधली चित्रे जशीच्या तशी जातात, आणि ते योग्यच आहे, कारण थोड्याशा फरकासाठी पिक्सेलांची फेरजुळणी केल्याने लाभ काहीच होत नाही. आणखी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ३०० हा आकडा आपण नियमासारखा वापरतो, परंतु तो येतो छपाईच्या स्क्रीनवरून. इंचाला जितक्या बिंदूंच्या रेघा, त्याच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल पुरतात. १५० रेघांच्या स्क्रीनला म्हणूनच २२५ ते ३०० पीपीआय लागते, आणि वर्तमानपत्री कागदावरच्या १०० रेघांच्या छपाईला १५० ते २००. तेव्हा एखादे चांगले छायाचित्र २४० भरते म्हणून ते नाकारण्याचे किंवा कृत्रिमरीत्या फुगवण्याचे कारण नाही.

आता रंगाविषयी, कारण कागद बदलल्यावर होणारा त्रास येथे आहे. सीएमवायके ही एकच एक रंगव्यवस्था नसते. प्रत्येक कागद आणि प्रत्येक छपाईपद्धतीचे सीएमवायके वेगळे असते. कोटेड कागदाच्या 'आयएसओ कोटेड व्ही२' या प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे आकड्यांमागचे नेमके रंग सांगणारी फाइल), जे फोग्रा ३९ या मोजमापांवर बेतलेले आहे, चारही शाया मिळून (प्रत्येक शाई कमाल १०० टक्के धरून) ३३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. वर्तमानपत्री कागदाला मात्र साधारण २४० टक्के किंवा त्याहूनही कमी शाई सोसते. कोटेडसाठी सीएमवायके केलेले चित्र तशा कागदावर गेले तर छाया काळ्या-चिखली होतात आणि शाई वाळत नाही. त्यातही सापळा असा की इनडिझाइनची नेहमीची रंगनीती सीएमवायके चित्रांचे आकडे जपते आणि त्यांना जोडलेले प्रोफाइल विचारात घेत नाही. म्हणजे पीडीएफ करताना आपण नवे प्रोफाइल निवडले तरी जुन्या सीएमवायके चित्रांतील शाईचे प्रमाण तसेच पुढे जाते, आणि कोणतीही सूचना मिळत नाही.

चित्रे आरजीबीमध्येच (कॅमेरा आणि पडदा यांच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगव्यवस्थेत), त्यांच्या मूळ प्रोफाइलसह ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही. पीडीएफ करताना आउटपुट या भागात 'कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन, प्रिझर्व्ह नंबर्स' हा पर्याय आणि छापखान्याने सांगितलेले प्रोफाइल निवडावे. त्यामुळे आरजीबी चित्रांचे रंगविभाजन त्या कागदासाठी होते आणि आपण मांडणीत वापरलेला निव्वळ काळा मजकूर निव्वळ काळाच राहतो. कागद बदलला तर पीडीएफ पुन्हा करायची, चित्रांना हात लावायचा नाही. फाइलचे आकारमानही कमी राहते, कारण चारऐवजी तीनच चॅनेल साठवावे लागतात.

एक अट मात्र कटाक्षाने पाळावी: प्रोफाइल नसलेले चित्र पानात येऊ देऊ नये. अशा चित्राला सॉफ्टवेअर दस्तऐवजाचे आरजीबी प्रोफाइल लावून टाकते. ते अडोबी आरजीबी (अधिक रंग सामावणारे) असेल आणि चित्र मुळात एसआरजीबी (पडद्यांसाठीचे नेहमीचे) असेल तर रंग भडक होऊन बाहेर पडतात. लिंक्स पॅनेलमध्ये आयसीसी प्रोफाइलचा स्तंभही सुरू ठेवला तर अशी चित्रे चटकन सापडतात. त्यांना 'असाइन प्रोफाइल' वापरून बहुधा एसआरजीबी द्यावे. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' हे वेगळे काम आहे, त्यात आकडे बदलतात. या दोहोंची गल्लत झाली की चित्र कायमचे बिघडते.

स्वयंचलन (उत्तर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. क्रम बदलल्यानंतरही जी कामे उरतात, त्यांच्या यांत्रिकीकरणाविषयी लिहितो.

प्रोफाइल लावणे, १६ बिटवरून ८ बिट करणे, मूळ जेपीईजी फाइल टिफ किंवा पीएसडी म्हणून जतन करणे, ही कामे फोटोशॉपच्या अ‍ॅक्शनमध्ये (म्हणजे पायऱ्यांच्या साठवलेल्या मालिकेत) एकदाच नोंदवावीत आणि फाइल मेनूतील ऑटोमेट खालच्या 'बॅच'ने सबंध फोल्डरवर चालवावीत. येथे दोन बारकावे आहेत. अ‍ॅक्शनमध्ये जतन करण्याची पायरी नोंदवलेली असेल तर बॅचमध्ये 'ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स' हा पर्याय सुरू करावा. नाहीतर नोंदवताना जो फोल्डर आणि जे नाव वापरले, त्यावरच प्रत्येक चित्र लिहिले जाऊ शकते. दुसरे म्हणजे फाइल उघडताना येणारे संवादचौकोन आणि प्रोफाइलच्या सूचना दाबून टाकण्याचे पर्याय तेथेच आहेत. ते निवडले नाहीत तर काम मध्येच थांबून आपली वाट पाहत बसते. तीच अ‍ॅक्शन 'ड्रॉपलेट' म्हणून जतन केली तर चित्रांचा फोल्डर त्या चिन्हावर ओढून सोडला की पुरते. फक्त माप आणि फाइलप्रकार बदलायचा असेल तर स्क्रिप्ट्समधील 'इमेज प्रोसेसर' त्याहूनही सोपा आहे.

मूळ चित्रांवर कधीही लिहू नये. मूळ चित्रे एका फोल्डरमध्ये, काम केलेली दुसऱ्यात, आणि नावे दोन्हीकडे अगदी सारखी ठेवावीत. सारख्या नावाचे महत्त्व पुढे कळते: इनडिझाइनमध्ये 'रिलिंक टू फोल्डर' दिले की त्याच नावाच्या नव्या फाइली एका फटक्यात जोडल्या जातात, आणि विस्तार बदललेला असेल तरी चालते.

पानमांडणीच्या बाजूलाही पुष्कळ वेळ वाचतो. सूचिपुस्तिकेत चित्रांच्या चौकटी ठरावीक असतात. त्यांसाठी ऑब्जेक्ट स्टाइल करून तिच्या फ्रेम फिटिंगमध्ये 'फिल फ्रेम प्रपोर्शनली' ठेवावे, म्हणजे चित्र चौकटीत सोडले की आपोआप भरते आणि कापणे चौकटीनेच होते. फोटोशॉपमध्ये कापलेले चित्र पुन्हा मोकळे करता येत नाही. चौकटीने झाकलेला भाग मात्र केव्हाही उघडता येतो. संपादक जेव्हा 'डावीकडचा माणूस थोडा अधिक दिसू द्या' असे सांगतात, तेव्हा याचे मोल कळते. ब्लीडसाठी (पानाच्या कडेबाहेर जाऊन कापल्या जाणाऱ्या भागासाठी) लागणारे ३ मिलिमीटरही अशा चित्रात बहुधा शिल्लक असतातच.

ग्रंथमांडणी

दोन्ही उत्तरे फार उपयोगी पडली, मनःपूर्वक आभार. क्रम बदलण्याचे पटले. तरीही दोन शंका राहतात. शार्पनिंग अंतिम मापालाच करावे असे मी शिकलो आहे. माप पीडीएफ होताना बदलणार असेल तर ते केव्हा करावे? आणि सगळ्या चित्रांचे रंगविभाजन शेवटी एकाच पद्धतीने होणार असेल, तर ज्यांना खास लक्ष द्यावे लागते अशा चित्रांचे काय? माझ्या एका पुस्तकात सॉफ्टवेअरच्या पडद्यांची चित्रेही (स्क्रीनशॉट) आहेत, आणि त्यांतील बारीक अक्षरे छपाईत पुसट होतील अशी भीती वाटते.

चित्रसंस्कार (उत्तर)

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. शेवटी रंगविभाजन करण्याची पद्धत मीही वापरतो, परंतु तिने हाताचे काम संपते असे मात्र कोणी समजू नये. हाताचे काम नेमक्या चित्रांपुरते मर्यादित होते, आणि त्यामुळे त्या चित्रांना पुरेसा वेळ देता येतो.

शार्पनिंगचे दोन टप्पे मानावेत. कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आलेला मऊपणा घालवणे हा पहिला. तो मापावर अवलंबून नसतो आणि सुरुवातीलाच हलक्या हाताने करता येतो. कागदावर बिंदू पसरल्याने येणारा मऊपणा भरून काढणे हा दुसरा, आणि तो अंतिम मापालाच करायला हवा. पीडीएफ करताना होणारी पिक्सेलांची घट स्वतःहून शार्पनिंग करत नाही, उलट चित्र थोडे मवाळ करते. बहुतेक पुस्तकांत पहिला टप्पा पुरतो. छायाचित्रांचाच संग्रह असेल तर मी पाने पूर्ण मंजूर झाल्यावर एक शेवटची फेरी करतो: प्रत्येक चित्राची अंतिम मापाची प्रत स्क्रिप्टने काढायची, ३०० पीपीआयला अनशार्प मास्कची त्रिज्या सुमारे १.५ पिक्सेल ठेवून शार्प करायची (पीपीआयला २०० ने भागावे, असा सर्वसाधारण आडाखा आहे), आणि त्या प्रती वर सांगितल्याप्रमाणे फोल्डर बदलून जोडायच्या. मात्र तत्पूर्वी इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली 'प्रिझर्व्ह इमेज डायमेन्शन्स व्हेन रिलिंकिंग' सुरू आहे याची खात्री करावी आणि प्रती न कापता, मूळ प्रमाणातच काढाव्यात, म्हणजे पानावरची जागा तसूभरही हलत नाही.

खास लक्ष कोणत्या चित्रांना द्यावे, हे शोधण्यासाठी सॉफ्ट प्रूफ वापरावे. फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपमध्ये छापखान्याचे प्रोफाइल निवडून कंट्रोल आणि वाय दाबले की चित्र आरजीबीच राहते, पण छापून कसे दिसेल ते पडद्यावर येते. पडदा कॅलिब्रेट केलेला असेल तरच यावर विसंबावे, हे ओघाने आलेच. बहुतेक चित्रांत फरक किरकोळ असतो. गडद निळे, झगझगीत हिरवे आणि नारिंगी यांत मात्र तो ठळक दिसतो, कारण ते रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरचे असतात. गडद निळे आकाश जांभळटाकडे झुकते, आणि रेशमी कापडाच्या घड्यांतील छटा एकमेकींत मिसळून सपाट होतात. अशा चित्रांत आरजीबीतच अ‍ॅडजस्टमेंट लेयर लावून त्या रंगाची तीव्रता कमी करावी, आणि फाइल पीएसडी म्हणून लेयरसह ठेवून तीच पानात आणावी. इनडिझाइन पीएसडी थेट स्वीकारते, सपाट टिफची गरज नसते. नेहमीच्या चित्रांसाठी रंग बदलण्याचा रिलेटिव्ह कलरिमेट्रिक हा मार्ग (आवाक्याबाहेरचे रंग जवळच्या छापण्याजोग्या रंगांवर आणणारा) आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (चित्रातील काळा छपाईच्या काळ्याशी जुळवणे) सुरू, हे सहसा उत्तम ठरते. आवाक्याबाहेरच्या रंगांतील छटा जपायच्या असतील तर परसेप्च्युअल (सगळे रंग एकत्रच आकसून बसवणारा मार्ग) पडताळून पाहावा.

त्वचेचे रंग आणि विक्रीच्या वस्तूंचे रंग यांबाबत मी कोणत्याही स्वयंचलित दुरुस्तीवर विश्वास ठेवत नाही. 'ऑटो कलर' सबंध फोल्डरवर चालवल्याने प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे संतुलित होते, आणि एकाच वस्तूची शेजारशेजारची दोन छायाचित्रे वेगवेगळ्या रंगांची दिसू लागतात. एकाच प्रकाशात काढलेल्या चित्रांच्या गटातील एकावर दुरुस्ती करून तीच इतरांवर कॅमेरा रॉमधून (फोटोशॉपसोबतच्या छायाचित्र-दुरुस्तीच्या साधनातून) लागू करणे अधिक विश्वासार्ह आहे.

पडद्यांची चित्रे हा निराळा प्रकार आहे, आणि त्यांना वरची पद्धत सरसकट लावू नये. त्यांतील काळी अक्षरे आरजीबीतून साध्या मार्गाने बदलली की चारही शायांत विभागली जातात, आणि प्रत्येक शाईच्या वेगळ्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. रंगाची गरज नसेल तर ती चित्रे ग्रेस्केल करावीत. मग ती फक्त काळ्या प्लेटवर जातात. रंग हवाच असेल तर फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'मधील कस्टम सीएमवायके निवडून ब्लॅक जनरेशन 'मॅक्सिमम' करावे, म्हणजे करडे आणि काळे भाग जवळजवळ पूर्णपणे काळ्या शाईत येतात. एवढी चित्रे आधीच सीएमवायके ठेवणे योग्य ठरते, आणि आकडे जपणारी रंगनीती येथे आपल्या कामी येते. पिक्सेल वाढवायचे असतील तर 'निअरेस्ट नेबर' पद्धतीने नेमके दुप्पट किंवा तिप्पट करावे, म्हणजे कडा धूसर होत नाहीत. रेखाचित्रे तर एक-बिटमध्ये १२०० पीपीआयलाच ठेवावीत.

संदेशांच्या अ‍ॅपवरून आलेली, आधीच दाबून लहान केलेली छायाचित्रे हाही नेहमीचा प्रश्न आहे. तेथे पहिला उपाय मूळ फाइल पुन्हा मागवणे हाच. ती मिळणारच नसेल तर कॅमेरा रॉमधील 'सुपर रिझोल्यूशन' लांबी-रुंदी दुप्पट करून देते आणि कधी कधी चांगले काम करते. मात्र जेपीईजीचे चौकोनी डाग आधीच असतील तर तेही सोबत मोठे होतात.

मुक्तप्रणाली (उत्तर)

विकतचे सॉफ्टवेअर वापरत नसलेल्यांसाठी थोडक्यात लिहितो. हीच पद्धत स्क्रायबस या मोफत पानमांडणी सॉफ्टवेअरमध्ये चालते: रंगव्यवस्थापन सुरू करून चित्रे आरजीबीत ठेवावीत, 'मॅनेज इमेजेस'मध्ये प्रत्येक चित्राचे प्रत्यक्ष डीपीआय पाहावे आणि पीडीएफ करताना ती छापखान्यासाठी आहे असे सांगितले की रंगविभाजन त्याच वेळी होते. अनेक चित्रांवर एकगठ्ठा काम करण्यासाठी इमेजमॅजिक पुरेसे आहे, परंतु त्यातील मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलवरच लिहिते. म्हणून तिला पाथ हा पर्याय देऊन वेगळा फोल्डर सांगितल्याशिवाय ती कधीही चालवू नये.

ग्रंथमांडणी

आता चित्र स्पष्ट झाले. पडद्यांच्या चित्रांसाठी वेगळा फोल्डर आणि वेगळी अ‍ॅक्शन करतो, बाकी सर्व आरजीबीत. शेवटचा एकच प्रश्न: छापखाना म्हणतो की पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचे पीडीएफचे एक प्रमाणित रूप) हवे आणि त्यात आरजीबी मुळीच चालणार नाही. मग मांडणीत आरजीबी ठेवणे त्यांच्या अटीत बसेल का? आणि फाइल पाठवण्यापूर्वी कोणती तपासणी करावी?

रंगविभाजन

अवश्य बसेल. छापखान्याची अट पीडीएफला लागू आहे, आपल्या मांडणीच्या फाइलला नाही. पीडीएफ/एक्स-१एमध्ये फक्त सीएमवायके, ग्रेस्केल आणि स्पॉट रंग (आधीच मिसळलेल्या खास शाया) चालतात, म्हणून ते सेटिंग निवडून गंतव्य प्रोफाइल दिले की सर्व आरजीबी चित्रे बाहेर पडतानाच बदललेली असतात. पीडीएफ/एक्स-४ मागितले तर त्यात आयसीसी प्रोफाइलसह आरजीबीही ठेवता येते, तरीही छापखान्याने तसे स्वतःहून सांगितले नसेल तर बदलूनच द्यावे. दोहोंतील मोठा फरक पारदर्शकतेचा आहे. एक्स-१एमध्ये ती सपाट करावी लागते, त्यामुळे सावली किंवा पारदर्शक चौकटीखाली आलेला मजकूर चित्रात रूपांतरित होऊन जाड दिसू शकतो. असा मजकूर लेयरमध्ये सर्वांत वर ठेवला तर हा धोका टळतो.

तपासणीचे दोन टप्पे ठेवावेत. काम चालू असताना इनडिझाइनच्या प्रीफ्लाइटमध्ये (चुका आपोआप दाखवणाऱ्या तपासणीत) स्वतःचे नियमांचे प्रोफाइल करून रंगीत आणि ग्रेस्केल चित्रांसाठी किमान २२५ पीपीआय, एक-बिट चित्रांसाठी किमान ८०० आणि हरवलेल्या किंवा बदललेल्या लिंक्स एवढेच नियम घालावेत. आरजीबी आढळल्यास चूक दाखवणारा नियम तेथे ठेवू नये, नाहीतर प्रत्येक चित्रावर लाल खूण येईल आणि खरी चूक त्यात लपेल. दुसरा टप्पा तयार पीडीएफवर, अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये. तेथे काळी प्लेट सोडून बाकी तीन बंद केल्या की मजकूर आणि पडद्यांच्या चित्रांतील अक्षरे शाबूत दिसली पाहिजेत. ती फिकट झाली तर ती चारही शायांत गेली आहेत. त्यानंतर 'टोटल एरिया कव्हरेज'मध्ये छापखान्याने दिलेली शाईची मर्यादा घालावी, मर्यादा ओलांडणारे भाग पानावर रंगून दिसतात. एखाद्याच चित्रात असे भाग दिसले, तर ते चित्र बहुधा कोणीतरी आधीच सीएमवायके करून पाठवलेले असते. त्याची आरजीबी मूळ प्रत मागवावी, आणि ती नसेलच तर तेवढेच चित्र नव्या प्रोफाइलमध्ये बदलून पीडीएफ पुन्हा करावी.